डाव्या कोपऱ्यातलं पाणी

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा दाराच्या चौकटीला खांदा आपटला. डावा. तोच खांदा, तीच चौकट — सव्वीस वर्षं याच दारातून ये-जा करतोय. ही म्हणाली, चौकट हलवून घ्यायची का? मी म्हटलं, घे हलवून. दोघंही हसलो. खांदा अजून ठणकतोय.

तलावावर सकाळी मोठ्यांची बॅच. बत्तीस जण बिल्ले घेऊन पाण्यात उतरले, बत्तीस बिल्ले परत आले. दुपारी शाळेची पोरं. तेही सगळे परत. साधा दिवस.

वही कशाला उघडली ते लिहायला हवं. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. मी आपला वाचायचा चष्मा घ्यायला दुकानात गेलो होतो. दुकानदाराने डोळ्यात हवेची फुंकर मारली, मग दुसऱ्यांदा मारली, आणि चष्मा द्यायचं सोडून चिठ्ठी लिहून दिली. दुकानदार आलेलं गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवतो म्हणजे काहीतरी गडबड आहे! हिला सांगितलं, नंबर काढायला जातोय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काचबिंदू.

शब्द लिहून बघितला. दिसायला तरी साधाच आहे.

डॉक्टरीण तरुण, बोलणं नीटनेटकं. आधी एका पांढऱ्या, मोठ्या वाटीसारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं. एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आजूबाजूला कुठे दिवा चमकला की बटण दाबायचं. डाव्या डोळ्याच्या वेळी बराच वेळ काही चमकलंच नाही. यंत्रावरच्या मुलीला विचारलं, बंद पडलं का हे? ती म्हणाली, नाही, चालू आहे, चमकतायत दिवे. मग मी आपलं अधूनमधून बटण दाबत राहिलो. ती लगेच म्हणाली, अंदाजाने दाबू नका, मशीनला कळतं. शाळेत कॉपी करताना पकडल्यासारखं झालं.

मग कागद दाखवला. डाव्या डोळ्याचं चित्र जवळजवळ सगळं काळं, मध्ये बोटाएवढी पांढरी जागा. उजव्याचं डावीकडून आणि खालून काळं होत आलेलं. डॉक्टरीण म्हणाली, "गेलंय ते परत येणार नाही. राहिलंय ते राखायचं." थेंब दोन वेळा, रोज, जन्मभर. मग तिने विचारलं, काम काय करता?

मी म्हटलं, तलावावर असतो, साफसफाई बघतो.

का म्हणालो असं? विचार करायच्या आधीच तोंडातून गेलं. सव्वीस वर्षं जीवरक्षक म्हणून मिरवतोय. कुणी न विचारता सांगतो. आणि आज विचारल्यावर झाडू हातात घेतला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बाटली मोज्यांच्या खणात लपवली. लोक डोळ्यांत तेल घालून राखण करतात म्हणे. मी औषध घालून करतोय.

९ फेब्रुवारी, रविवार

ही बहिणीकडे गेली होती. घरात एकटा. म्हटलं बघू या काय प्रकार आहे तो.

स्वयंपाकघरात भिंतीसमोर बसलो. खिळ्याकडे नजर लावली आणि निळा कप हातात धरून डावीकडे नेत गेलो. एका जागी कप गेला. मला वाटलं होतं तिथे भोक दिसेल, काळा डाग दिसेल, चित्रातल्यासारखा. तसं काही नाही. तिथे भिंत होती! चांगली पिवळी भिंत, अगदी तो ओला डागसुद्धा पुढे सरकवून आणलेला. कप माझ्या हातात होता, बोटांना गरम लागत होता, आणि डोळे सांगत होते, इथे भिंत आहे.

पुन्हा केलं. पाच-सहा वेळा केलं. उजवा डोळा, खालची बाजू — कप गेला, फरशी आली.

म्हणजे माझ्या डोळ्यांना रिकामी जागा ठाऊकच नाही. जिथे दिसत नाही तिथे शेजारचं उचलून भरून टाकतात, आणि मला सांगतात, सगळं ठीक आहे.

चहा तसाच गार झाला. पाणी बघणं हे माझं काम आहे. पाण्यात मला जे दिसत नाही, तिथे काय दिसत असणार? पाणी.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज पहिल्यांदा खुर्चीवर बसायची भीती वाटली.

मला ज्याने हे काम शिकवलं तो म्हातारा रक्षक म्हणायचा, आरडाओरडा करणाऱ्याची काळजी करू नकोस, ओरडतोय म्हणजे श्वास आहे. गप्प झालेला शोध. बुडणारा माणूस हात हलवत नाही. तो सरळ उभा राहतो, तोंड वर करतो, आणि शिडी उतरल्यासारखा खाली जातो. अर्धा मिनिट, फार तर एक. मी असे अकरा काढले आत्तापर्यंत. माझ्या पाळीत एकही गेला नाही.

बिल्ल्यांची पद्धतही त्याचीच. आत जाताना प्रत्येकाला खिडकीवर पितळी बिल्ला मिळतो, बाहेर येताना तो परत खुंटीला लागतो. खुंट्या किती रिकाम्या ते बघायचं आणि पाण्यातली टाळकी मोजायची. दर दहा मिनिटांनी. दोन्ही आकडे जुळले की निवांत.

आज टाळकी मोजली — सव्वीस. खुंट्या रिकाम्या एकोणतीस. पुन्हा मोजली, मान गरागरा फिरवून. एकोणतीस. घाम फुटला. ते तिघे कुठे गेले नव्हते. माझ्या डावीकडे गप्पा मारत उभे होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बंदोबस्त केला. लिहून ठेवतो.

एक. खुर्ची हलवली. आधी मधोमध होती, आता खोल बाजूच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी काठाला. तो कोपरा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. तिथेच जाऊन बसलो की झालं.

दोन. मान हलती ठेवायची. पंख्यासारखी.

तीन. दर अर्ध्या तासाला शिट्टी. सगळ्यांनी बाहेर, काठावर रांगेत. काठावरची टाळकी मोजणं सोपं, ती हलत नाहीत.

मास्तरीण आली विचारायला. पोरांना पोहायला शिकवते ती — अठ्ठावीस वर्षांची असेल, आवाज मात्र हवालदाराचा. म्हणाली, काका, ही काय नवी कवायत? मी म्हटलं, वरून नियम आलाय. तिने मानही डोलावली. माझ्या शब्दावर ती कधी शंका घेत नाही. तेच जिव्हारी लागलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

तक्रार गेली. सकाळच्या बॅचमधला बेकरीवाला — पहाटे भट्टी लावून, पाव काढून, थेट इथे येतो, अंगाला पिठाचा वास — त्याने मॅनेजरला सांगितलं की दम धरून जरा पोहायला लागलं की हा माणूस शिट्टी मारून बाहेर काढतो, आम्ही काय तुरुंगात आहोत का. मॅनेजर मला म्हणाला, अर्ध्या तासाची शिट्टी बंद करा. मी नियमाचं काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, कुठला नियम? नियम माझ्या कपाटात असतात.

शिट्टी बंद.

४ मार्च, मंगळवार

वर्षाची तपासणी. रात्री हिच्याकडे पाठ करून अक्षरांचा तक्ता आठवून बघत होतो. मागच्या वर्षीचा तोच असला तर पाठ म्हणता येईल म्हणून.

ऑफिसात डॉक्टर आला, खिळ्याला तक्ता टांगला. एक डोळा झाका, वाचा. मी वाचलं. दुसरा झाका, वाचा. डाव्याने शोधून शोधून, पण वाचलं. अगदी शेवटची, मुंगीएवढी ओळसुद्धा! पाठ केलेलं काही लागलं नाही. मला सगळी अक्षरं खरोखर दिसत होती. समोरचं नेमकं दिसतं मला, डॉक्टरीण म्हणालीच होती, मधलं शेवटी जातं. पण त्या तक्त्याला कडाच नाहीत. तो आजूबाजूचं काही विचारतच नाही.

डॉक्टरने लिहिलं, दृष्टी उत्तम. पाठीवर थाप मारली. म्हणाला, चोपन्नाव्या वर्षी असे डोळे, नशीबवान आहात.

एक अक्षर खोटं बोललो नाही. मग चोरासारखं का वाटतंय? चार वर्षं राहिली निवृत्तीला. नोकरी आहे तोवर हे तलावामागचं क्वार्टर आहे. नोकरी सुटली की महिन्याभरात खाली करायचं. ही इथे या दोन खोल्यांत नवी नवरी म्हणून आली. चार वर्षं, बाबा. चार वर्षं फक्त.

५ मार्च, बुधवार

आज छत्तीस. छत्तीस परत.

१३ मार्च, गुरुवार

संध्याकाळी बसल्या बसल्या लक्षात आलं — आमच्या घरात मधे काही नाही.

स्टूल भिंतीला. शिलाई मशीन भिंतीला. बादली दारामागे. चपलांची रांग, जी मी सव्वीस वर्षं तुडवत आलो, ती फळीवर चढलेली. टेबलाच्या कोपऱ्याला तिने कापड गुंडाळून शिवलंय, जसं रांगत्या लेकराच्या घरी करतात. हे कधी झालं? एका दिवसात होणारं नाही हे.

ताट वाढताना भाजी कुठे, वाटी कुठे ते आजकाल ती बोलून दाखवते — "उजवीकडे वाटी आहे हं" — आणि मला वाटायचं, म्हातारपणी बडबड वाढली हिची.

जेवून झाल्यावर मोज्यांचा खण उघडला. बाटली होती तिथेच. शेजारी दुसरी, नवी, न फोडलेली. पहिली संपत आली होती.

खण लावून घेतला आणि तिथेच खाली बसून रडलो. ती भांडी घासत राहिली, मुद्दाम जोरात.

१५ मार्च, शनिवार

ही एवढंच म्हणाली, "तलावावर सांगितलंत?" मी म्हटलं, सांगतो. ती म्हणाली, क्वार्टरचा विचार करू नका. मी म्हटलं, तोच करतोय.

२१ मार्च, शुक्रवार

घडलं तसं लिहितो.

सकाळी सात-वीस. सत्तावीस बिल्ले बाहेर. मी खुर्चीवर, मान हलती. मास्तरीण उथळ बाजूच्या काठावरून नव्या बायकांना पाय मारायला शिकवत होती. पाणी स्वच्छ, निळं, शांत. मी स्वतःशी म्हटलंही, आज छान चाललंय.

आणि मास्तरीण ओरडत धावत आली. काठाकाठाने, थेट माझ्याकडे. मला वाटलं मलाच काही झालंय. माझ्या खुर्चीच्या पायाशी आली आणि कपड्यांसकट उडी मारली. माझ्या पायांखाली! तिथून तिने बेकरीवाल्याला वर काढला. ओठ निळे. माझ्यापासून तीन-चार फुटांवर. मी खाली वाकून हात पुढे केला असता तर त्याचे केस हाताला लागले असते.

काढला, आडवा केला, छाती मी दाबली. तेवढं हातांना येतं अजून. तिसाव्या दाबाला पाणी ओकला. मग शिव्या दिल्या कुणाला तरी. जगला. दवाखान्यात नेलाय, ठीक आहे म्हणतात.

मास्तरीण ओल्या कपड्यांनी कुडकुडत उभी होती. मला म्हणाली, "काका, तुमचं तोंड याच बाजूला होतं. तुम्ही बघत होतात."

मी बघत होतो. खरंच बघत होतो. तिथे पाणी होतं.

खुर्ची मीच तिथे नेली. धोक्याच्या कोपऱ्यावर नजर ठेवायला म्हणून. आणि डोळ्याचं गेलंय काय? डावं आणि खालचं! सगळ्यात खोल पाणी उचलून नेमकं डाव्या हाताला, पायांखाली आणून ठेवलं. कुठल्या वैऱ्याला नसतं जमलं असं.

२२ मार्च, शनिवार

मॅनेजरने बोलावलं. काय झालं विचारलं. मी म्हटलं, डुलकी लागली.

डुलकी! ज्याने सव्वीस वर्षांत खुर्चीवर चहासुद्धा घेतला नाही, तो म्हणतो डुलकी लागली. पण झोपाळू माणूस आंधळ्यापेक्षा बरा. झोपाळूला मेमो मिळतो. मला मिळाला. सही केली, कुठे करायची ते त्याने बोट ठेवून दाखवलं.

खिडकीवर बायका कुजबुजत होत्या. काम झोपा काढायचं आणि म्हणे जीवरक्षक. ऐकू उत्तम येतं मला.

३१ मार्च, सोमवार

खुर्ची परत मधोमध. पण आता कुठेही ठेवली तरी मला माहीत आहे. नऊ दिवस नीट झोप नाही.

बेकरीवाला आज येऊन गेला. पाण्यात उतरला नाही. पाव घेऊन आला होता, गरम. माझे दोन्ही हात धरून म्हणाला, छाती दाबलीत म्हणून वाचलो. मी तोंड वर करू शकलो नाही. घरी पाव हिने खाल्ला, मी हात लावला नाही.

दुपारी मास्तरणीला गाठलं. पोरं गेल्यावर, काठावर. सगळं सांगून टाकलं. यंत्र, कागद, कप, भिंत, सगळं. ती काठावर खाली बसली. मग म्हणाली, "पोरांना शिकवताना माझी पाठ असते खोल पाण्याकडे. ती तुमच्या भरवशावर असते, काका."

मी म्हटलं, माहीत आहे.

ती म्हणाली, माहीत होतं?



१ एप्रिल, मंगळवार

आज मास्तरणीनेच विषय काढला. म्हणाली, बघूनच टाकू. दुपारी तलाव रिकामा असताना मला खुर्चीवर बसवलं. सरावाचा रबरी बाहुला असतो, माणसाएवढा, पाणी भरलं की अर्धवट बुडतो. मी पाठ करायची, ती तो कुठेतरी सोडणार, मग मी वळायचं. अर्ध्या मिनिटात सांगायचं, आहे की नाही, असला तर कुठे. कधी सोडेल, कधी सोडणार नाही.

दहा वेळा केलं. मी दहाही वेळा छातीठोकपणे उत्तर दिलं.

बाहुला प्रत्येक वेळी पाण्यात होता. दहाही वेळा. मला चार वेळा दिसला. सहा वेळा मी म्हटलं, नाही, काही नाही, सगळं साफ आहे. एकदा तर ती म्हणाली, नक्की? आणि मी चिडून म्हटलं, अगं, पाणीच आहे नुसतं!

वहीच्या पानावर तिने खुणा केल्या होत्या. पान फाडून मला दिलं. म्हणाली, आता साहेबांना तुम्ही सांगता की मी? मी म्हटलं, मीच सांगतो. तेवढी लाज राहू दे. ती रडत होती. मला ते तिने नाक ओढलं तेव्हा कळलं.

३ एप्रिल, गुरुवार

गेलो. ते पान, डॉक्टरणीचा काळा कागद आणि हाताने लिहिलेला अर्ज: मला नीट दिसत नाही, मला खुर्चीवरून काढा, दुसरं काहीही काम द्या, नाहीतर देऊ नका. काल रात्री हिने दोनदा वाचून दिला होता. घर सोडायची तयारी करूनच गेलो होतो.

मॅनेजरने सगळं वाचलं. दार लावून घेतलं. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग फाइलीतून माझं सर्टिफिकेट काढून समोर ठेवलं. म्हणाला, इथे तर लिहिलंय दृष्टी उत्तम.

मी म्हटलं, साहेब, तो तक्ता समोरचंच विचारतो.

म्हणाला, मी डॉक्टर नाही, तुम्हीही नाही. मग जरा पुढे वाकून, घरच्या माणसाशी बोलावं तसं बोलला. चौदाला सुट्टीचं शिबिर. साठ मुलं. नावं नोंदवून झाली. खुर्चीवर प्रशिक्षित रक्षक नसेल तर तलाव उघडता येत नाही. दुसरा रक्षक मंजूर व्हायला सहा महिने. "नियमात काय लिहिलंय? प्रशिक्षित माणूस खुर्चीवर हजर पाहिजे. तुम्ही प्रशिक्षित आहात. हजर आहात. नियमाला तेवढंच लागतं."

म्हटलं, आणि पाण्याला?

तो म्हणाला, सव्वीस वर्षांत काही झालं नाही, आता सहा महिन्यांत काय होणार आहे? शिबिर होऊ दे, मग बघू. क्वार्टरची काळजी करू नका, चार वर्षं तुम्हीच राहाल, मी शब्द देतो. अर्ज घडी करून त्याने माझ्याच खिशात ठेवला. वरून थोपटलं.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं. हे इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे सांगणार? ज्याच्यासाठी दोन महिने खोटं बोललो ते सगळं न मागता हातात आलं. नोकरी, घर, चार वर्षं. बाहेर आलो तेव्हा पाय हलके होते. पायऱ्यांपर्यंतच. तिथे तिसऱ्या पायरीवर एक पोरगी बसली होती, बुटाची नाडी बांधत. मी तिच्या हातावर पाय दिला.

४ एप्रिल, शुक्रवार

एकोणचाळीस. परत एकोणचाळीस. प्रत्येक बिल्ला खुंटीला लागताना वाजतो, तो आवाज आता मी मोजतो.

८ एप्रिल, मंगळवार

मास्तरीण भांडली मॅनेजरशी. मी बाहेर उभा होतो, ऐकलं. ती म्हणाली मी एकाच वेळी शिकवू आणि राखू शकत नाही. तो म्हणाला, जमत नसेल तर सोडा, शिबिरापुरता दुसरा शिक्षक मिळेल. ती बाहेर आली तेव्हा म्हणाली, सोडून गेले तर इथे डोळेवालं कोण राहणार, काका? तिने रजाही रद्द केली. वर लिहून पाठवलंय म्हणाली मोठ्या ऑफिसला. उत्तर यायला महिना तरी लागेल.

मी म्हटलं, मी येतच नाही सोमवारी. घरात पडून राहतो. ती म्हणाली, तोही विचार केलाय त्यांनी. तुम्ही नाही आलात तर कागदावर तुमची हजेरी लावून खिडकीवरच्या माणसाला शिट्टी देऊन बसवणार आहेत. त्याला पोहता येत नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

शिबिराची यादी भिंतीला लागली. आई-बाप पोरांना घेऊन तलाव दाखवायला आले होते. एका बाईने मला दाखवून पोराला सांगितलं, ते बघ, ते आजोबा तुझ्याकडे लक्ष ठेवणार, घाबरायचं नाही. पोर अगदी लहान. डोक्यावर टोपी होती एवढं दिसलं, मग ते डावीकडे सरकलं आणि मला नुसत्या फरशा दिसल्या.

मी तिला खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. मॅनेजर दोन पावलांवर उभा होता, हसत. मी म्हटलं, हो, आहे मी.

घरी येऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही असं कसं म्हणालात? पहिल्यांदाच आवाज चढला तिचा. मग बराच वेळ खिडकीशी उभी होती. तलावच दिसतो तिथून.

१३ एप्रिल, रविवार

रविवारी एकला तलाव बंद होतो. दीड वाजता आम्ही दोघं पंपघरात उतरलो. तळाचं पाणी सोडायचा व्हॉल्व्ह जमिनीलगत आहे, मला दिसत नाही. हिने माझा हात धरून चावीवर नेऊन ठेवला. जड होती. दोघांनी मिळून फिरवली.

तिकिटाच्या खिडकीवर कागद चिकटवलाय, मोठ्या अक्षरांत. या तलावाच्या रक्षकाला नीट दिसत नाही, मुलांना आत सोडू नका. खाली माझं पूर्ण नाव आणि सही.

आता संध्याकाळ. ही भांडी बांधतेय. पाणी जातंय, आवाज इथवर येतो.

तलाव भरायला तीन दिवस लागतात. तीन दिवस तरी कुणी बुडणार नाही.